क्लिपला तीस लाख व्ह्यूज, मग शो तोट्यात कसा?

तुमचा प्रश्न असा आहे की तुम्ही पुण्यात ऑफिसमध्ये जेवताना रोज अमेरिकेतल्या 'द लेट शो'चा होस्ट स्टीफन कोलबर्टचा मोनोलॉग (शोच्या सुरुवातीला तो एकटाच ताज्या बातम्यांवर विनोद करतो तो भाग) यूट्यूबवर बघता, खाली वीस-तीस लाख व्ह्यूज दिसतात, आणि तरीही जुलै २०२५मध्ये सीबीएसने 'द लेट शो' मे २०२६ला बंद करतोय असं जाहीर केलं तेव्हा कारण दिलं पैशाचं. हे कसं काय? आणि टीव्हीला परवडत नसेल तर नेटफ्लिक्स, ॲपल वगैरे कुणीतरी तो उचलत का नाही?

मी बावीस वर्षं टीव्हीवरची जाहिरातीची वेळ विकत घ्यायचं काम केलं, पहिली पाच वर्षं मुंबईत आणि मग न्यू यॉर्कमध्ये. आमच्याकडे याला मीडिया बाइंग म्हणतात. क्लायंटचे पैसे कुठल्या चॅनेलवर कुठल्या वेळेला लावायचे, काय भावाने, आणि चॅनेलने कबूल केलेला प्रेक्षक आलाच नाही तर भरपाई कशी वसूल करायची, हे सगळं त्यात येतं. लेट नाइट, म्हणजे रात्री उशिरा लागणारे हे विनोद आणि गप्पांचे शो, माझ्या टेबलवर कायम असायचं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

चॅनेलने या शोमधून इतकी वर्षं जे विकलं ते म्हणजे माणूस झोपायच्या आधीचा अर्धा-पाऊण तास. विनोद, पाहुणे, बँड हे सगळं त्या वेळेत माणसाने टीव्ही बंद करू नये यासाठी. हे ऐकायला रुक्ष वाटेल, मला या शोंबद्दल खूप जिव्हाळा आहे तरी सांगते, कारण हे समजल्याशिवाय पुढचं काहीच नीट कळत नाही.

अमेरिकेत एनबीसी, सीबीएस, एबीसी ही नेटवर्कं प्रत्येक गावात स्वतः प्रसारण करत नाहीत, त्यांची काही स्टेशनं स्वतःची असतात पण बरीचशी दुसऱ्या मालकांची, त्यांना ॲफिलिएट म्हणतात. संध्याकाळचे मोठे कार्यक्रम नेटवर्कचे, मग रात्री ११ला त्या-त्या स्टेशनच्या स्थानिक बातम्या (शिकागोकडे हेच सगळं एक तास आधी), आणि बातम्या संपल्या की ११:३५ला लेट नाइट. आता बातम्यांना लोक कशासाठी बसायचे, तर उद्याचं हवामान, शाळा बर्फामुळे बंद आहे का, गावातल्या टीमचा स्कोअर. ते बघून झालं की माणूस अर्धवट आडवा झालेला असतो, रिमोट लांब असतो, आणि त्याच चॅनेलवर बँड वाजायला लागतो. या आपोआप मिळालेल्या प्रेक्षकाला आम्ही लीड-इन म्हणतो आणि लेट नाइटचा सगळा डोलारा या लीड-इनवर उभा होता.

आमच्या घरातलंच सांगते. सासूबाई न्यू जर्सीत एडिसनला आमच्याकडे राहायला आल्या तेव्हा रोज ११च्या बातम्या लावायच्या, मुलगा सकाळी लवकर गाडी घेऊन निघणार, रस्त्यावर बर्फ असेल का एवढंच त्यांना बघायचं असायचं. मग टीव्ही तसाच चालू राहायचा आणि डेव्हिड लेटरमन, म्हणजे कोलबर्टच्या आधीचा 'लेट शो'चा होस्ट, सुरू व्हायचा. त्यांना त्यातलं निम्मं इंग्रजी कळायचं नाही, अमेरिकन राजकारण तर अजिबात नाही, पण तो बँड वाजला की त्या उठून दाराची कडी बघायच्या, देवाजवळचा दिवा शांत झालाय का बघायच्या, औषध घ्यायच्या आणि परत येऊन दहा मिनिटं बसायच्या. त्यांच्यासाठी ती झोपेची घंटा होती. माझ्या ऑफिसमधल्या तक्त्यात त्या दहा मिनिटांची किंमत होती, खरीखुरी डॉलरमधली किंमत.

'द टुनाइट शो' एनबीसीवर १९५४च्या सप्टेंबरमध्ये सुरू झाला, स्टीव्ह ॲलन पहिला होस्ट. मग जॅक पार, आणि १९६२च्या ऑक्टोबरपासून जॉनी कार्सन, तो थेट मे १९९२पर्यंत, म्हणजे जवळजवळ तीस वर्षं एकच माणूस अख्ख्या देशाला झोपवत होता. त्याचा शेवटचा भाग साधारण पाच कोटी लोकांनी बघितला. स्टुडिओतला खर्च मोठा नाही, एक टेबल, एक सोफा, पाहुणे आपल्या सिनेमाची जाहिरात करायला स्वतःहून येणार, आणि बदल्यात चॅनेलला वर्षभर रोज रात्री विकायला वेळ. टीव्हीच्या इतिहासात मिनिटामागे इतका नफा देणारे कार्यक्रम फार थोडे असतील.

लीड-इन म्हणजे काय चीज आहे हे एनबीसीला २००९मध्ये फार महागात पडून कळलं. कार्सननंतर आलेला जे लेनो त्यांना सोडायचाही नव्हता आणि कोनन ओब्रायनला 'टुनाइट'चं वचनही दिलेलं होतं, म्हणून त्यांनी ११:३५चा 'टुनाइट' कोननला दिला आणि लेनोला रोज रात्री १०ला बसवला. एका तासाच्या ड्रामा सिरीजपेक्षा तो कितीतरी स्वस्त पडत होता, त्यामुळे नेटवर्कला आकडे कमी आले तरी चालणार होते. पण त्याच्यामागून ११ला ज्यांच्या बातम्या होत्या त्या ॲफिलिएट स्टेशनांचं काय? त्यांचा प्रेक्षक घसरला, बातम्यांमधल्या जाहिरातींवर तर त्यांचं घर चालतं, त्यांनी आरडाओरडा केला. जानेवारी २०१०मध्ये एनबीसीने तोडगा काढला की लेनो ११:३५ला अर्धा तास, आणि 'टुनाइट' १२:०५ला. कोननने नकार दिला, सांगितलं की मध्यरात्रीनंतर लागणारा 'टुनाइट शो' हा 'टुनाइट शो' राहणारच नाही, आणि 'टुनाइट' हातात येऊन जेमतेम सात महिने झाले असताना तो बाहेर पडला. बाहेरून बघणाऱ्यांना ही दोन होस्टांची भांडणं वाटली. आम्ही बाइंगवाले मात्र ते महिने १० ते १२ या दोन तासांचा एकेक दुवा कसा निसटतो ते बघत होतो. संध्याकाळचा कार्यक्रम पडला की बातम्या पडतात आणि बातम्या पडल्या की लेट नाइट पडतं.

आता स्ट्रीमिंगने नेमकं काय केलं ते बघा. लोक म्हणतात स्ट्रीमिंगवर जास्त चांगले कार्यक्रम आले म्हणून लेट नाइट मागे पडलं. मला हे पटत नाही. नेटफ्लिक्सवर रात्री ११:३५ला मोनोलॉगला टक्कर देणारं काही नव्हतंच. झालं असं की साखळीतली सगळ्यात वरची कडी तुटली. रात्री ९-१०ला लोक चॅनेलवर असायचेच बंद झाले. टीव्ही चालू केला की आता आधी ॲपची चित्रं दिसतात, चॅनेल दिसतच नाही, एक भाग संपला की पुढचा आपला आपण सुरू होतो, आणि हवामान तर फोनवर दुपारीच बघून झालेलं असतं. म्हणजे ११च्या बातम्यांपर्यंत पोचायचं कारणच उरलं नाही. मे २०२५मध्ये टीव्हीचा प्रेक्षक मोजणाऱ्या नील्सन कंपनीच्या मोजणीत पहिल्यांदा असं झालं की अमेरिकेत टीव्हीच्या पडद्यावर घालवलेल्या वेळातला ४४.८ टक्के वेळ स्ट्रीमिंगचा निघाला, आणि ब्रॉडकास्ट २०.१ अधिक केबल २४.१ मिळून त्याच्यापेक्षा किंचित कमी. त्यात एकट्या यूट्यूबचे १२.५ टक्के होते. टीव्हीच्या पडद्यावरचे हं, फोनवरचं यात धरलेलंच नाही.

सासूबाईंचंही तेच झालं. शेवटची काही वर्षं त्या रात्री टॅबलेटवर मराठी मालिका बघायच्या, तिकडे भारतात प्रसारित झालेला भाग इथे ॲपवर केव्हाही मिळायचा, आणि खालचा टीव्ही बंदच असायचा.

बरं, मग त्या तीस लाख व्ह्यूजचं काय. इथे थोडं गणित आहे, पण सोपं आहे.

टीव्हीचा आकडा आणि यूट्यूबचा आकडा एका तराजूत घालताच येत नाहीत. २०२५च्या एप्रिल ते जून या तिमाहीत कोलबर्टला साधारण २४ लाख प्रेक्षक होते आणि तो ११:३५ला लागणाऱ्या तीन नेटवर्कांच्या तीन शोंत पहिला होता. हा २४ लाख म्हणजे सरासरी, म्हणजे तासातलं कुठलंही मिनिट घ्या, त्या मिनिटाला सरासरी इतके लोक बघतायत, जाहिरातींसकट. यूट्यूबचा व्ह्यू म्हणजे कुणीतरी क्लिप सुरू केली आणि थोडा वेळ थांबला. समजा बारा मिनिटांच्या क्लिपला तीस लाख व्ह्यूज आहेत आणि माणूस सरासरी चार मिनिटं बघतो, तर टीव्हीच्या भाषेत ते झाले दहा लाख, तेही फक्त बारा मिनिटांपुरते. तासाभरात चॅनेलवर पंधरा-सोळा मिनिटं जाहिराती सहज असतात, क्लिपवर एखाद-दोन, त्याही पाच सेकंदांनी स्किप. जी आवक होते त्यातला मोठा हिस्सा यूट्यूब ठेवतं, नेहमीच्या लांब व्हिडिओवर ४५ टक्के त्यांचे असतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुमचा व्ह्यू पुण्यातला आहे. राग मानू नका, मला स्वतःला तुम्ही तिकडे बसून हे बघता याचा आनंदच होतो. पण ओहायोमधल्या गाड्यांच्या डीलरला किंवा न्यू जर्सीतल्या इन्शुरन्सवाल्याला पुण्यातल्या प्रेक्षकाचा काही उपयोग नाही, त्याच्या जाहिरातीचे पैसे तुमच्यावर लागतच नाहीत. तुम्हाला दिसते ती भारतातल्या कुठल्यातरी ॲपची जाहिरात, भारताच्या दराने, आणि तो दर अमेरिकेच्या दरापुढे फार किरकोळ असतो. व्ह्यूजचा आकडा जगाचा, खर्च मात्र मॅनहॅटनच्या भावाने, ही यातली मोठी मेख आहे.

खर्चही लहान नव्हता. 'लेट शो'वर साधारण दोनशे माणसं कामाला होती, वर्षाचा खर्च १० कोटी डॉलरच्या वर असल्याच्या बातम्या होत्या आणि तोटा वर्षाला ४ कोटींच्या आसपास. जाहिरातीच्या बाजूने बघायचं तर गाईडलाइन नावाच्या कंपनीच्या मोजणीत नेटवर्कांच्या लेट नाइट कार्यक्रमांची जाहिरातीची कमाई २०१८मध्ये ४३.९ कोटी डॉलर होती, ती २०२४मध्ये २२ कोटींवर आली. सहा वर्षांत निम्मी. त्यातही जाहिरातदाराला हवा असतो १८ ते ४९ वयाचा प्रेक्षक, आम्ही त्याला नुसतं डेमो म्हणतो. कोलबर्टच्या त्या २४ लाखांत या वयाचे होते जेमतेम सव्वादोन लाख. टीव्हीसमोर उरलेला बहुतेक प्रेक्षक साठीच्या पुढचा, म्हणून मग रात्रीच्या ब्रेकमध्ये औषधांच्या जाहिराती रांगेने दिसायला लागल्या.

मला या बदलाचा क्षण नीट आठवतो. २०१६च्या आसपासची गोष्ट असेल, सीबीएसवर कोलबर्टनंतर लागणाऱ्या 'लेट लेट शो'चा होस्ट जेम्स कॉर्डन, त्याच्या गाडीत बसून गाणाऱ्या पाहुण्यांच्या क्लिप्स तेव्हा सगळीकडे फिरत होत्या, ॲडेलची तर विचारूच नका. एका क्लायंटकडे मीटिंग होती, मी लेट नाइटचा प्लॅन घेऊन गेले होते. तिकडच्या एका तरुण ब्रँड मॅनेजरने मला शांतपणे विचारलं, हा शो मी स्वतः कधी टीव्हीवर बघितलेला नाही, माझ्या ऑफिसात कुणीच बघत नाही, सगळे क्लिप बघतात, मग मी त्या तासाचे पैसे का देऊ? माझ्याकडे उत्तर होतं, रीच (जाहिरात किती लोकांपर्यंत पोचते), फ्रिक्वेन्सी (एकेकाला किती वेळा दिसते), ब्रँडला मिळणारी प्रतिष्ठा वगैरे. मी ते दिलंही. पण परत येताना ट्रेनमध्ये मला कळलं होतं की तिचं बरोबर आहे. क्लिपने शो प्रसिद्ध होत होता आणि त्याच क्लिपने लोकांना शिकवलं की ११:३५ला जागं राहायची गरज नाही, सकाळी मिळेल. पुढच्या वर्षी त्यांनी लेट नाइटचं बजेट निम्मं केलं. मग असे क्लायंट एकामागून एक आले, आणि चॅनेलने कबूल केलेले आकडे यायचे बंद झाले तेव्हा आम्ही भरपाई म्हणून फुकट स्पॉट मागायचो, त्याला मेकगुड म्हणतात. मेकगुड देऊन देऊन चॅनेलकडे विकायला वेळच कमी उरतो. हा फेरा एकदा सुरू झाला की त्यातून बाहेर पडलेला कार्यक्रम मी बघितलेला नाही.

मग काटकसर. कॉर्डन एप्रिल २०२३मध्ये गेला तेव्हा सीबीएसने त्याचा 'लेट लेट शो'च बंद केला, त्या जागी 'आफ्टर मिडनाइट' आणला, तोही २०२५च्या उन्हाळ्यात संपला. एनबीसीवर २०२४मध्ये 'टुनाइट'नंतर लागणाऱ्या सेथ मायर्सच्या शोचा बँड गेला आणि 'टुनाइट'चा होस्ट जिमी फॅलनचे नवे भाग आठवड्यातून पाचाऐवजी चार रात्री झाले. बँड गेला हे ऐकून मला फार वाईट वाटलं होतं, कारण रात्रीच्या टीव्हीवर रोज जिवंत वाद्यं वाजण्याच्या जागा राहिल्यात किती?

आता कोलबर्टबद्दल जो संशय घेतला जातो त्यावर माझं मत. घटना सगळ्यांना माहीत आहेत. सीबीएसच्या मालक पॅरामाउंटने ट्रम्प यांच्याशी सीबीएसच्या '६० मिनिट्स' या बातम्यांच्या कार्यक्रमावरून चाललेला खटला १.६ कोटी डॉलर देऊन मिटवला, कोलबर्टने आपल्याच मालकांना शोमध्ये त्यावरून झोडपलं, त्या व्यवहाराला सरळ लाच म्हटलं. तीनच दिवसांनी, १७ जुलैला शो बंद करण्याची घोषणा झाली, आणि पुढच्या आठवड्यात पॅरामाउंटच्या स्कायडान्स या सिनेमा कंपनीबरोबरच्या विलीनीकरणाला सरकारी परवानगी मिळाली. कंपनी म्हणते निर्णय निव्वळ आर्थिक. माझ्या अनुभवाने तोटा खरा आहे, आकडे मी वर दिलेच. पण तोट्यातला कार्यक्रम वाचवायची एक नेहमीची वाट असते, आधी होस्टचे पैसे कमी, माणसं कमी, आठवड्यात एक दिवस कमी, छोटा स्टुडिओ, आणि तरीही नाही जमलं तर बंद. आपल्या वेळेला पहिला असलेला, तेहतीस वर्षांचं नाव असलेला शो यातलं काही उघडपणे न करता सरळ गुंडाळायचा आणि तो नेमका त्या आठवड्यात, हे मला नेहमीच्या धंद्यासारखं दिसत नाही. पैशाने शो कमकुवत केला होता हे नक्की. कमकुवत झालेल्या गोष्टीला धक्का द्यायला फार जोर लागत नाही.

सप्टेंबर २०२५मध्ये एबीसीच्या लेट नाइटचा होस्ट जिमी किमेलचं जे झालं त्यात तर ती जुनी ॲफिलिएटची साखळी परत दिसली. उजव्या विचारांचे कार्यकर्ते चार्ली कर्क यांच्या हत्येनंतर किमेल शोमध्ये जे बोलला त्यावर प्रसारणाच्या सरकारी नियामक संस्थेच्या अध्यक्षांनी जाहीर इशारा दिला, नेक्सस्टार आणि सिंक्लेअर या बऱ्याच स्टेशनांच्या मालकांनी शो दाखवणार नाही म्हटलं आणि एबीसीने तो थांबवला. आठवड्याच्या आत तो परत आला, त्या दोन कंपन्यांची स्टेशनं अजून दाखवत नव्हती तरीही त्या रात्री ६२ लाखांहून जास्त लोकांनी टीव्हीवर बघितला, एरवी त्याला सतरा-अठरा लाखांच्या आसपास असायचे. ज्या गावोगावच्या स्टेशनांनी या शोंना घराघरांत पोचवलं, त्यांच्याच हातात बंद करायचं बटणही होतं. स्ट्रीमिंगवर असं बटण नसतं असं वाटत असेल तर तिकडेही येतेच.

तर नेटफ्लिक्स का उचलत नाही. त्यांनी प्रयत्न केले, चांगले पैसे टाकून केले. चेल्सी हँडलर २०१६-१७मध्ये, मग २०१८मध्ये मिशेल वुल्फ, जोएल मॅकहेल, सगळे एकेका सीझनमध्ये किंवा त्याच्या आसपास आटोपले. हसन मिनहाजचा 'पेट्रियट ॲक्ट' दोन वर्षं टिकला आणि तो मला मनापासून आवडायचा, आपल्या घरांतली पोरं पहिल्यांदा आपल्यासारखा दिसणारा, आपल्यासारख्या आईवडिलांबद्दल बोलणारा होस्ट बघत होती, न्यू जर्सीतल्या मराठी घरांत तो शो आईवडील आणि मुलं मिळून बघायची हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण त्याचा सौदी अरेबियावरचा भाग तिथल्या सरकारच्या तक्रारीनंतर नेटफ्लिक्सने त्या देशात काढून टाकला. जॉन स्टुअर्टचा ॲपलवरचा शो २०२३मध्ये थांबला, विषयांवरून मतभेद झाल्याचं छापून आलं होतं, आणि स्टुअर्ट २०२४मध्ये आपल्या जुन्या केबलवरच्या 'डेली शो'ला परतला, दर सोमवारी. ज्या कंपनीला दीडशे-दोनशे देशांत माल विकायचाय तिला रोज कुणाला तरी टोचणारा माणूस अवघड जातो.

त्याहून मोठी अडचण मात्र साधी आहे. मोनोलॉग हा पोळीसारखा असतो, गरम असतानाच खायचा. सकाळी लेखक मंडळी येतात, बातम्या वाचून शेकड्याने जोक लिहितात, दुपारी तालमीत त्यातले बहुतेक कापले जातात, संध्याकाळी पाच-साडेपाचला प्रेक्षकांसमोर शूटिंग आणि रात्री प्रसारण. दोन दिवसांनी तोच जोक कुणाला कळतही नाही कारण ती बातमीच विसरलेली असते. स्ट्रीमिंग कंपनी पैसे लावते ते कपाटात ठेवायच्या मालावर, आज केलेली सिरीज चार वर्षांनी ब्राझीलमधल्या कुणीतरी बघावी म्हणून. रोजचा शो त्यांच्यासाठी सकाळपर्यंत नासणारा माल आहे. शिवाय नेटफ्लिक्स उघडताना माणूस काय बघायचं ते निवडतो. लेट नाइट कुणी कधी निवडलेलंच नव्हतं हो, ते लागलेलं असायचं.

म्हणूनच जे टिकलेत त्यांच्याकडे बघा. जॉन ऑलिव्हर एचबीओवर २०१४पासून आहे, आठवड्यातून एकदा, एकाच विषयावर वीस-पंचवीस मिनिटं, पाणी, तुरुंग, विमा असे विषय, म्हणजे ते दोन वर्षांनीही शिळे होत नाहीत, आणि चॅनेल वर्गणीवर चालतं त्यामुळे जाहिरातदाराचा प्रश्नच नाही. लेटरमन नेटफ्लिक्सवर अधूनमधून लांब मुलाखती घेतो. जॉन मुलेनीने लाइव्ह करून बघितलं, पण ठरावीक आठवडे. आणि कोनन, ज्याला ११:३५वरून हलवायचा घाट घातला होता, त्याने २०१८मध्ये पॉडकास्ट काढलं आणि २०२२मध्ये त्याची कंपनी सिरियस एक्सएम या रेडिओ कंपनीने १५ कोटी डॉलरला घेतल्याच्या बातम्या आल्या. त्याने सोफा ठेवला आणि घड्याळ सोडून दिलं. ग्रेग गटफेल्ड फॉक्स न्यूजवर ११:३५वाल्यांपेक्षा जास्त प्रेक्षक मिळवतो हे खरंय, पण तो पूर्वेकडे १०ला लागतो, केबलवर, दिवसभर तेच चॅनेल लावून बसलेल्या प्रेक्षकासमोर. म्हणजे तिथे लीड-इन अजून जिवंत आहे.

तुम्ही जाता जाता विचारलंय की आपल्याकडे हे का रुजलं नाही. शेखर सुमनचा 'मूव्हर्स अँड शेकर्स' सोनीवर १९९७मध्ये आला होता, तेव्हा मी मुंबईत नवीन होते, आणि तो चांगला चालला. पण आपल्याकडे रात्री ११च्या गावच्या बातम्या नव्हत्या, बेडरूममध्ये वेगळा टीव्ही नव्हता, हॉलमधल्या एकाच टीव्हीसमोर घरातले सगळे. त्यामुळे मराठीत विनोद गेला तो प्राइम टाइमला, 'चला हवा येऊ द्या', 'हास्यजत्रा', आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांनी बघायचा म्हणून स्किटचा. तिथे बातम्यांवर रोज टोकणाऱ्या एका माणसाला जागा नव्हती, ती जागा नंतर यूट्यूबवाल्यांनी घेतली.

मला खरं दुःख कशाचं आहे तर रोजच्या कारखान्याचं. २०२३मध्ये लेखकांचा संप २ मेला सुरू झाला आणि त्याच दिवसापासून हे सगळे शो बंद पडले, सिनेमे-सिरीज महिनोन्महिने आधी शूट केलेलं दाखवत राहिले पण लेट नाइट एक दिवसही पुढे गेलं नाही, कारण ते त्या लेखकांच्या रोजच्या हातावर चालतं. वर्षाला दीडशे-दोनशे भाग, रोज नापास व्हायचं आणि उद्या परत लिहायचं, अशी नोकरी तरुण लेखकाला दुसरीकडे कुठे मिळणार? कार्सनकडे पाच मिनिटं मिळाली आणि त्याने हात करून सोफ्यावर बोलावलं की स्टँडअपवाल्याचं आयुष्य बदलायचं. पॉडकास्टवर आधीच प्रसिद्ध असलेल्या माणसाला बोलावतात, अनोळखी माणसाला पाच मिनिटं द्यायची पद्धत तिथे फारशी नाही. आणि क्लिप तुमच्यापर्यंत पोचते तीही त्या दोनशे माणसांच्या पगारावर बनलेली असते, टीव्हीचा तास गेला की क्लिप आपोआप राहील असं समजू नका.

सीबीएसने १२:३७च्या वेळेचं काय केलं ते बघितलं तर पुढचा रस्ता दिसतो. 'आफ्टर मिडनाइट' गेल्यावर २०२५च्या शरद ऋतूपासून त्यांनी तिथे बायरन ॲलनचा 'कॉमिक्स अनलीश्ड' लावला. चारपाच विनोदवीर बसून किस्से सांगतात, २००६मध्ये सुरू झालेला कार्यक्रम. यात चॅनेल कार्यक्रमाला पैसे देत नाही, ॲलनची कंपनी चॅनेलकडून वेळ विकत घेते आणि जाहिराती स्वतः विकते. आणि त्यात एक अट पहिल्यापासून पाळतात, राजकारण नको, आजची बातमी नको, म्हणजे भाग केव्हाही, कितीही वेळा पुन्हा लावता येतो.